मामाकडचे देव

त्याचे नाव मी या पुस्तकात लिहिणार नाही. अब्रूनुकसानीच्या कायद्याला मी भितो असा समज कोणी करून घेऊ नये. तो कायदा मी शिकलो आहे, पुढे चार जणांना शिकवलाही आहे, आणि खरे बोलणे हा त्यातला बचाव किती भक्कम असतो हे मी जाणतो. नाव टाळण्याचे कारण निराळे आहे. हे पुस्तक माझ्या नातवंडांच्या कपाटात राहील, आणि त्या कपाटात त्या माणसाला जागा मिळावी अशी माझी इच्छा नाही. माझी एक जागा त्याने घेतली आहे, तेवढी पुरे. म्हणून या प्रकरणात तो मालगुजाराचा मुलगाच राहील. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, कायद्याने केव्हाच संपली होती, पण आमच्या गावात मालगुजार होतेच. त्यांना 'मालक' म्हणायचे आणि त्यांच्या मुलाला 'छोटे मालक', मग तो आपल्या बरोबरीचा असला तरी. त्यांचे आडनाव आम्हा गोंडांमध्येही आढळते. सगळ्या प्रकाराला सुरुवात झाली ती एवढ्या आधारावर.

आमचे घर नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला पाठ लावून उभे होते. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, अंगणात मोहाचे एक झाड. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की चुलीवरचे झाकण थरथरे आणि माय म्हणे, "झाली दुपार." घरात घड्याळ नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. बा त्या मँगनीजच्या खाणीत रोजाने जाई आणि पावसाळ्यात मालगुजाराच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवी. संध्याकाळी तो बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, पाय धुऊन येई तेव्हा पोटऱ्यांवरून खाणीची काळी भुकटी ओघळत असे. जेवण म्हणजे भात, लाखोळीच्या डाळीचे पातळ वरण, कधी बांबूच्या कोंबांची भाजी, जिला आम्ही वास्ते म्हणतो. मोहफुले वाळवून माय ती लाखोळीबरोबर शिजवी. त्यांचा गोडसर, किंचित उग्र वास आजही माझ्या नाकात आहे. आता भंडाऱ्याला राहतो त्या घरात माझ्या सुनेने तो पदार्थ एकदा केला, फार चांगला केला, आणि मला तो खाववला नाही. कारण पुढे येईलच.

बा पूजेच्या वेळी ढोल वाजवायचा आणि देवांची गाणी म्हणायचा. आमच्यात देवांची संख्या ही घराची ओळख असते. कोणाचे चार देव, कोणाचे पाच, कोणाचे सहा, कोणाचे सात. ज्यांची संख्या सारखी ते सगळे एकमेकांचे भाऊबंद, मग आडनाव वेगळे असो की गाव. सात देवांच्या घरात सात देवांची मुलगी सून होऊन येऊच शकत नाही, कारण ती बहीण ठरते. आम्ही मडावी, आमचे देव सात. माय उईकेंकडची, तिच्या माहेरचे देव सहा. हे मला कोणी शिकवले नाही. मामाच्या गावाला जाताना कोणत्या देवघरापुढे आपण पाहुणे म्हणून उभे राहायचे हे लहान मुलाला जसे कळते, तसे ते कळले. बा मात्र हे सांगताना रंगात यायचा. डाव्या हाताच्या करंगळीपासून एकेक बोट दुमडत सात मोजायचा आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आन् आठवा मी. त्यायले खाऊ घालनारा." सगळे हसत. मायही हसे, पण चुलीकडे तोंड करून.

मी बारावीला असताना, धान कापून झाल्यावर, मालगुजाराचा मुलगा आमच्याकडे येऊ लागला. तोही विज्ञानालाच होता, तुमसरला, माझ्याच वर्गात. आम्ही दोघेही डॉक्टरकीच्या तयारीत होतो. माझे गुण त्याच्यापेक्षा बरे असत, आणि हे त्याला जितके ठाऊक होते तितकेच मला. ज्या घरातल्या माणसांनी आमच्या दारात कधी घोटभर पाणी घेतले नाही, त्या घरातला मुलगा आमच्या बाजेवर बसला, त्याने मायच्या हातचे मोह-लाखोळी मागून खाल्ले, बोटे चाटली, आणि बा त्या घासाला भुलला. त्याने सांगितले की एका स्पर्धेसाठी आदिवासी समाजावर निबंध लिहायचा आहे. बाने त्याला सगळे दिले. देव कुठे ठेवतात, पूजेला साजाचे, म्हणजे ऐनाचे, झाड का लागते, मूल जन्मले की काय करतात, माणूस गेला की काय करतात, ढोलावर पहिली थाप कुठल्या हाताने पडते. मी कोपऱ्यात रसायनशास्त्र पाठ करत बसलेलो असे आणि बाचा आवाज कानावर पडत असे. तो मुलगा गाणे शिकायचा, चुकायचा, बा पुन्हा सांगायचा. इतक्या प्रेमाने बा कधी मला शिकवायला बसला नव्हता. त्याची गरजच नव्हती.

एका संध्याकाळी त्या मुलाने विचारले की तुमच्या बाईच्या माहेरी कसे असते. बा म्हणाला, "ते तिले पुसा, छोटे मालक. तिचे देव ती जाने." माय चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. रिकामी घागर उचलली आणि ती विहिरीकडे चालू लागली.

"बाई रागावली का?" मालगुजाराचा मुलगा हसत म्हणाला, आणि त्याने तो विषय सोडला. सगळ्यांचे देव सारखेच असणार असे त्याला वाटले असावे. शिकलेल्या माणसाला आमच्याविषयी असे पुष्कळ काही वाटते.

तो गेल्यावर माय बाला म्हणाली, "तुमच्या देवाईचं तुमी सांगतलं, तुमी जाना. माह्या भावाच्या घरचे देव मी कोनाले देत नाही."

"लेकरू शिकून रायलं," बा म्हणाला. "त्याच्या पुस्तकात आपलं नाव येईन."

"मंग आपला पोट्टा काय रेडे चारून रायला? त्याच्या पुस्तकात काहून नाही येत आपलं नाव?"

 बाने बिडी पेटवली.

वैद्यकीय महाविद्यालयात आदिवासी विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि ज्याला ती जागा हवी त्याने आपण आदिवासी आहोत हे समितीपुढे सिद्ध करायचे असते. तिथे कागद तर पाहतातच, पण रीतिरिवाजही विचारतात. आमच्या भागातून त्या वर्षी त्या जागेपर्यंत पोचेल असा एकच मुलगा होता, आणि तो मी होतो, असे मला वाटत होते. राखीव जागांना भीक म्हणणारे लोक मला आयुष्यभर भेटले आहेत. त्यांना मी राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचा चौथा खंड शांतपणे वाचून दाखवतो. वाचून झाल्यावर मात्र मी शांत राहत नाही.

नागपूरच्या त्या सरकारी इमारतीत बा माझ्याबरोबर आला होता. धुतलेले धोतर, खांद्यावर घोंगडी, उन्हाळा असूनही. व्हरांड्यात बाकावर बसलो. आतल्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि आतून गाण्याचा आवाज येत होता. बाचेच गाणे. बाने मान कलती केली, डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला.

"आयक," तो मला म्हणाला, "कसं बरोबर म्हनून रायला." मग त्याची बोटे थांबली. "पन हा इथं कायले आला?"

मी खिडकीशी उभा राहिलो. मालगुजाराचा मुलगा आमच्या समाजात घालतात तसा पिवळा दुपट्टा गळ्यात घालून खुर्चीवर बसला होता. समोर प्रश्न विचारणारे अधिकारी, बाजूला लिहून घेणारा कारकून. किती देव, असे विचारल्यावर त्याने डाव्या हाताच्या करंगळीपासून एकेक बोट दुमडले. सात झाले. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "आणि आठवा मी, त्यांना नैवेद्य देणारा." अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि कारकुनाला ते लिहायला लावले. आईकडचे देव किती, असे विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सातच." अधिकाऱ्यांनी तेही लिहायला लावले. माझ्या शेजारी उभा असलेला बा हळूच म्हणाला, "अरे, असं कसं?" पण ते खिडकीच्या आत गेले नाही.

माझी पाळी आली. बाला आत येऊ दिले नाही. मला जे विचारले त्याची मी उत्तरे दिली. साजाचे झाड, ढोलाची थाप, जन्म, मरण. अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढू लागल्या. त्यांनी आधीच्या मुलाची उत्तरे पुढ्यात ओढली आणि ते दोन्ही कागदांवर बोट फिरवू लागले.

"हे तर शब्दाला शब्द तेच आहे," ते म्हणाले. "बाहेर उभा राहून ऐकत होतास ना?"

मी म्हणालो, तो आमच्या गावच्या मालगुजाराचा मुलगा आहे, गोंड नाही, आणि हे सारे तो माझ्या बापाकडून शिकला आहे.

"म्हणजे तुम्ही दोघे एकाच माणसाकडून शिकून आलात, हे तूच कबूल करतोस."

यावर काय बोलावे हे मला त्या वयात सुचले नाही. आज सुचते, रोज सुचते, आंघोळीच्या वेळी सुचते. त्यांनी देव विचारले. मी सात सांगितले. "आणि आठवा?" त्यांनी विचारले. आठवा नसतो, ती माझ्या बाची गंमत आहे, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी कारकुनाकडे पाहिले. आईकडचे विचारले. मी सहा सांगितले. त्यांनी पुन्हा आधीच्या कागदावर बोट ठेवले आणि मला समजुतीच्या सुरात सांगितले की आईकडचेही सातच असतात. मी नाही म्हणालो. एका गोंड मुलाला त्याच्या मामाचे देव किती हे त्या खोलीत दुरुस्त करून देण्यात आले.

पुढे निकाल आला. मालगुजाराचा मुलगा आदिवासी ठरला. मी ठरलो नाही. माझी उत्तरे जिथे त्याच्याशी जुळली तिथे ती नक्कल होती, आणि जिथे जुळली नाहीत तिथे ते माझे अज्ञान होते. त्या निर्णयात याहून वेगळे काही नव्हते. अपिलात तो फिरला, माझे आदिवासी असणे मान्य झाले. तोवर प्रवेशाची मुदत टळून गेली होती, आणि माझ्या जागेवर मालगुजाराचा मुलगा बसून प्रेताची चिरफाड शिकत होता. मला कळवण्यात आले की माझ्या नुकसानीबद्दल शासनाला खेद आहे. खेदाला उत्तर द्यायचे नसते असे म्हणतात. मी दिले. ते माझे पहिले पत्र.

त्यानंतर मी पत्रे लिहीतच राहिलो. एक वर्ष थांबून पुन्हा डॉक्टरकीला अर्ज करणे आमच्या घराला परवडणारे नव्हते, म्हणून भंडाऱ्याला बी.ए.ला नाव घातले. वैनगंगेपलीकडे कारध्याला एका नातेवाइकाच्या पडवीत राहत होतो. सकाळी पूल ओलांडून कॉलेजला जायचे, दुपारी एका वकिलाच्या कार्यालयात टंकलेखन करायचे आणि संध्याकाळी त्यांच्याच यंत्रावर माझी पत्रे. समितीला, संचालकांना, मंत्र्यांना, राज्यपालांना. वकीलसाहेब सज्जन होते. ते एकदा म्हणाले, "मडावी, तुला न्याय पाहिजे का सूड?" मी म्हणालो, साहेब, अर्जाच्या नमुन्यात दोन्हीसाठी एकच रकाना आहे. ते हसले आणि मला कायद्याची पहिली पुस्तके देऊन टाकली. मी वैद्यकशास्त्राऐवजी कायदा शिकलो तो आवडीने नव्हे. समोरच्याचे हाड कुठून मोडते हे शिकण्याचा दुसरा मार्ग मला उपलब्ध नव्हता.

अखेर प्रकरण पुन्हा उघडले. अध्यक्ष नवे होते, तक्रारदार म्हणून मला प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली. या वेळी बा आला नाही. मालकांच्या समोर उभे राहणे त्याला जमले नसते. मालगुजार स्वतः मात्र आले होते. पांढरे धोतर, कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. मुलाच्या जातीचा पुरावा म्हणून बाप साक्षीला आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ओळख न दाखवता काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसले. मुलगा आता भावी डॉक्टर दिसत होता. पिवळा दुपट्टा आठवणीने आणला होता.

मी त्याला विचारले, वडिलांकडचे देव किती. त्याच्या वकिलाने होकाराची मान हलवली आणि मुलगा म्हणाला, "सात." आईकडचे किती. त्याने आधीच्या जबाबाकडे पाहिले. जबाब बदलला असता तर तो खोटा ठरला असता, आणि बदलायचे कारण काय हे त्याला अजूनही कळलेले नव्हते. निबंध लिहिणाऱ्याने निदान एक पुस्तक तरी वाचायला हवे होते. "सातच," तो म्हणाला.

अध्यक्षांनी विचारले की या प्रश्नाचा उद्देश काय. मी उभा राहून त्यांना आमची रीत सांगितली. सारख्या देवांची घरे ही भावाभावांची घरे. सात देवांचा मुलगा आणि सात देवांची मुलगी ही सख्ख्या भावंडांसारखी. त्यांचे लग्न होत नाही; झाले तर जात त्यांना वाळीत टाकते. ते सांगताना माझा आवाज चढला नाही. मी या क्षणाची इतके दिवस वाट पाहिली होती की तो लवकर संपावा असे मला वाटत नव्हते. मग मी पुन्हा त्या मुलाकडे वळलो.

"तर समितीला सांगा," मी म्हणालो, "तुमची आई ही तुमच्या वडिलांची कोण?"

 त्याचा वकील उठला, काहीतरी आक्षेप घेऊ लागला. आणि त्या गोंधळात काठी जमिनीवर एकदा आपटली.

"बस खाली," मालगुजार मुलाला म्हणाले. मुलगा बसलेलाच होता. मग ते अध्यक्षांकडे वळले. "आमी गोंड नाही, सायेब. लेकराले डाक्टर करायचं होतं, म्हनून हे केलं. पन माह्या बायकोले कोनी माही बहीन म्हनंल, तं मी आयकून नाही घेनार."

कारकुनाने ते लिहून घेतले. मी त्याला ते पुन्हा वाचून दाखवायची विनंती केली. नियमात तशी तरतूद आहे. त्याने वाचले, आणि मालगुजारांना ते दुसऱ्यांदा ऐकावे लागले. माझ्या आयुष्यात मी काही फौजदारी खटले जिंकले, जमिनीचे दावे जिंकले. त्या वाचनाइतके गोड काही ऐकले नाही. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही टोचली आणि अजून टोचते. बापाला लाज वाटली ती खोटेपणाची नव्हती, आमची जागा खाल्ल्याचीही नव्हती. 'आमी गोंड नाही' हे वाक्य त्यांनी एखादी शिवी झटकून टाकावी तसे म्हटले. आमची जात त्यांना मुलाच्या खुर्चीखाली चालली, पण बायकोपर्यंत पोचली तेव्हा चालली नाही.

त्याचे प्रमाणपत्र रद्द झाले. पदवी मात्र त्याला मिळाली. शिक्षणावर शासनाचा खर्च होऊन गेला आहे, आता ते थांबवून कोणाचेच भले होणार नाही, अशा अर्थाचा युक्तिवाद वरच्या न्यायालयात टिकला. त्या 'कोणाचेच' या शब्दात मी नव्हतो. आज लाखनीला, महामार्गालगत, त्याचा दवाखाना आहे. ट्रकांच्या रांगेमागे त्याच्या नावाची मोठी पाटी दिसते. कामानिमित्त साकोलीकडे जाताना मी नेहमी तिथे उतरतो आणि समोरच्या टपरीवर चहा घेतो, खुर्ची अशी ठेवून की त्याच्या खिडकीतून मी दिसेन. माझ्या मुलाला हे आवडत नाही. तो म्हणतो, बाबा, आता त्यांचे वय झाले. मी त्याला सांगतो की माझेही झाले आहे, आणि चहा पिण्यावर कुठल्याही कलमाखाली बंदी नाही.

त्या सुनावणीच्या दिवशी मी नाकाडोंगरीला उतरून गावाकडे पायी निघालो. घरी पोचलो तेव्हा माय भात वाढत होती. मी सारे सांगितले. बा बराच वेळ बोटे चोळत बसला. "मालकाले सगळ्याईसमोर असं म्हना लागलं?" तो म्हणाला, आणि मला कळले की त्याला त्यांची दया येत आहे. थोड्या वेळाने त्याने विचारले, त्या पहिल्या दिवशी त्या मुलाने गाणे शेवटपर्यंत बरोबर म्हटले होते ना. मी खरे तेच सांगितले, हो, बरोबर म्हटले होते. त्यानंतर बाने ते गाणे घरात कधी म्हटले नाही. पूजेला दुसऱ्या गावचा माणूस बोलवावा लागे. हेही मी त्या माणसाच्या खात्यावर लिहून ठेवले आहे, आणि कुठल्याही न्यायालयात याचा दावा लागत नाही.

मायने मला वरण वाढले. मग मोह-लाखोळीच्या भांड्यात पळी घातली, माझ्याकडे पाहिले आणि पळी तशीच ठेवून दिली. त्या मुलाने बोटे चाटून खाल्लेला तो पदार्थ मला त्यानंतर कधी खाववला नव्हता.

"मी बोलली असती तं?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी माह्या भावाच्या घरचे देव सांगतले असते तं?"

मी म्हणालो, तर तो आज गोंड असता.

तिने ते ऐकून घेतले. "आन् तुही जागा?"

ती मिळणार नाही, असे मी तिला सांगितले. ती चुलीकडे वळली, निखारे पुढे ओढले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग त्याले इसरू नोको."

मी तिचे ऐकले आहे. हे पुस्तक छापून झाले की त्याची पहिली प्रत टपालाने, पोचपावतीसह, लाखनीला जाईल. ज्या पानावर हे प्रकरण सुरू होते तिथे मी खूण घालून ठेवीन. नाव त्यात कुठेही सापडणार नाही. पोचपावतीवर मात्र ते त्याला स्वतःच्या हाताने लिहून द्यावे लागेल, आडनावासकट.